कोवर्किंगच्या जाहिरातीसाठी वेबिनार : खुर्च्या भरतात का?

रिकामी_खुर्ची

मंडळी, इथे घरून काम करणारे बरेच आहेत, कोवर्किंगमध्ये, म्हणजे भाड्याने खुर्ची घेऊन बसायच्या सामायिक ऑफिसात, बसणारे काही आहेत आणि माझ्यासारखे कोवर्किंग चालवणारेही एकदोन असतील, म्हणून इथेच विचारते.

आमची जागा लहान आहे. एक मोठा हॉल, त्यात हॉट डेस्क (कोणाचं ठरलेलं नाही, येईल त्याने बसावं अशी टेबलं), कडेला काचेच्या केबिन, दोन मीटिंग रूम आणि फोनवर बोलायला दोन बूथ. केबिन भरलेल्या असतात, त्यांची काळजी नाही. हॉट डेस्क मात्र निम्मे रिकामे. त्यावर माझ्या पार्टनरचा उपाय म्हणजे दर महिन्याला एक मोफत वेबिनार. "घरून काम करताना एकाग्रता", "फ्रीलान्सरसाठी वेळेचं नियोजन" असे विषय. खर्च नाही, नाव होतं, ईमेलची यादी वाढते, असं त्याचं म्हणणं.

काही वेबिनार झाले. नोंदणी भरपूर होते, त्यातले निम्म्याहून कमी येतात, आणि शेवटची "आता थोडं आमच्या जागेविषयी" ही स्लाइड लागली की लोक भराभर बाहेर पडतात. डाव्या कोपऱ्यातला आकडा डोळ्यांदेखत उतरत जातो. नंतर कोणी जागा बघायला आलंच तर विचारल्यावर कळतं की ते रस्त्यावरची पाटी बघून आलेत.

पार्टनर म्हणतो, ब्रँड असाच उभा राहतो, धीर धर. माझं मत आहे की हा वेळ दुसरीकडे घालवावा. कोणाला वेबिनारमधून खरोखर मेंबर मिळालेत का? मिळाले असतील तर वेगळं काय केलं?

उंटावरचा_शहाणा

पार्टनरला हॉट डेस्कवर बसवा. एक खुर्ची तरी भरली. (पळतो)

घरबशी

मी तुमची टार्गेट ऑडियन्स. असले वेबिनार मी पुष्कळ ऐकते, कॅमेरा बंद ठेवून, कपड्यांच्या घड्या घालत.

आता बघा, तुमचा विषय काय? घरून काम करताना एकाग्र कसं व्हायचं. तुम्ही ते छान शिकवलंत. मी घरातच एकाग्र झाले. मग तुमच्याकडे कशाला येऊ?

रिकामी_खुर्ची

@घरबशी, हे पार्टनरला जसंच्या तसं वाचून दाखवते.

गणितमास्तर

घरबशींनी निम्मं काम केलंय, उरलेलं मी करतो.

वेबिनार कुठूनही ऐकता येतो. खुर्ची मात्र जागची हलत नाही. हॉट डेस्क घेणारा माणूस रोज किंवा आठवड्यातून दोनतीनदा प्रवास करून येणार, म्हणजे तो जवळच राहणारा असावा लागतो. दोन तासांच्या अंतरावरच्या माणसाने तुमच्या वेबिनारला पाच तारे दिले तरी तुमच्या हिशेबात तो शून्य. त्यामुळे नोंदणीचा आकडा बघून खूश होणं सोडा. नोंदणीच्या फॉर्ममध्ये दोनच प्रश्न वाढवा: राहता कुठल्या भागात, आणि सध्या काम कुठे बसून करता. उत्तरं आली की यादी गाळून बघा. जवळ राहणारे आणि सध्याच्या जागेला कंटाळलेले किती उरतात, तेवढाच तुमचा खरा श्रोतृवर्ग. बाकी सगळी समाजसेवा.

दुसरी गोष्ट, मोजायचं काय हे वेबिनारच्या आधी ठरवा. नोंदणी, हजेरी, जागा बघायला येणं, एक दिवस बसून बघणं, मेंबर होणं, अशी ती उतरंड आहे. तुम्ही पहिल्या दोन पायऱ्या मोजताय आणि पाचवीबद्दल तक्रार करताय. गळती नेमकी कुठे आहे? तिसऱ्या पायरीचं आमंत्रण मुळात दिलं होतं का? "आमच्या जागेविषयी" ही स्लाइड म्हणजे आमंत्रण नव्हे. "गुरुवारी अकरा वाजता या, लॅपटॉप घेऊन या, दिवसभर बसा" हे आमंत्रण.

बोलघेवडी

मास्तरांशी सहमत, पण "समाजसेवा" पटलं नाही. लांबचे लोकही उपयोगाचे असतात. मी ज्या जागेत काम करायचे तिथे व्हर्च्युअल ऑफिस होतं. खुर्ची नाही, फक्त पत्ता, टपाल घेणं आणि लागेल तेव्हा तासाच्या हिशेबाने मीटिंग रूम. ते घेणारे जवळपास सगळे लांबचेच. शिवाय कामासाठी अधूनमधून गावात येणारे एक दिवसाचा पास घेतात. त्यांच्यासाठी वेबिनार चालतो, विषय मात्र तसा हवा.

कंपनी त्या पत्त्यावर नोंदवता येते की नाही याचे नियम देशागणिक वेगळे आहेत. तेव्हा वेबिनारमध्ये छातीठोकपणे काही सांगण्याआधी सीएला किंवा वकिलाला विचारा. एखाद्याची नोंदणी अडकली तर तो तुमच्याच नावाने खडे फोडेल.

तिरकस_तिर्री

वेबिनारला हल्ली माणसं कमी आणि एआय नोटटेकर (माणसाऐवजी कॉलमध्ये शिरून टिपणं घेणारे बॉट) जास्त येतात. परवा एका ठिकाणी प्रश्नोत्तरं सुरू झाली, कोणीच काही विचारेना. यादी उघडून बघितली तर आत अमक्याचा नोटटेकर, तमक्याचा नोटटेकर. वक्ता तरी माणूस होता की नाही, देव जाणे.

@रिकामी_खुर्ची, बॉटना हॉट डेस्क विका. ते वायफायशिवाय काही मागत नाहीत.

काचेपलीकडचा

आता दुसरी बाजू ऐका. मी कोवर्किंगमध्ये पैसे भरून बसणारा मेंबर आहे.

आमच्याकडेही हे वेबिनारचं वारं आलं. महिन्यातून दोनदा दुपारी हॉलचा अर्धा भाग दोरी लावून बंद. रिंग लाइट, कॅमेरा, "प्लीज सायलेन्स" ची पाटी. ज्या दोन बूथमध्ये आम्ही क्लायंटशी बोलतो त्यातलं एक वक्त्यासाठी राखीव. म्हणजे येऊ न येऊ अशा लोकांसाठी आलेल्यांची गैरसोय.

कहर झाला तो "लाइव्ह टूर" ला. कम्युनिटी मॅनेजर फोन हातात धरून सगळीकडे हिंडला. ही आमची केबिन, हा आमचा लाउंज. आमच्या शेजारच्या केबिनमध्ये पांढऱ्या फळ्यावर एका टीमने क्लायंटचं नाव, कामाच्या तारखा आणि कोट केलेले आकडे लिहिले होते. काचेतून सगळं स्पष्ट दिसत होतं. तीनचार सेकंदच, पण रेकॉर्डिंग नंतर यूट्यूबवर चढलं. तिथे पॉझ करून कोणीही वाचावं. त्या टीमने आरडाओरडा केला नाही, नोटीस पिरियड पूर्ण केला आणि गेली.

एका वेबिनारने किती मेंबर आणले मला माहीत नाही, एक केबिन मात्र रिकामी केली.

रिकामी_खुर्ची

बापरे. फळ्याचं डोक्यातच आलं नव्हतं. आम्ही पुढच्या वेळी टूर करायच्या विचारात होतो.

माइक_म्यूट

@काचेपलीकडचा +१

टूर लाइव्ह करूच नका. सुट्टीच्या दिवशी फळे पुसून, पडदे ओढून, माणसं नसताना दोन मिनिटांचा व्हिडिओ काढून ठेवा आणि तोच दाखवा. मेंबरचे चेहरे हवे असतील तर आधी विचारून, लेखी.

आता माझ्या प्रांतातलं. वेबिनार घेताय तो झूमच्या कुठल्या प्रकारात? "वेबिनार" प्रकारात श्रोत्यांचे कॅमेरे आणि माइक बंद असतात आणि ते एकमेकांना दिसतही नाहीत. हजार लोकांच्या व्याख्यानाला ते योग्य आहे. पण तुम्ही विकताय काय? टेबल-खुर्ची घरीही असते. तुम्ही शेजार विकताय. आणि त्याची ओळख करून द्यायला निवडलंय असं साधन की ज्यात शेजारचा दिसतच नाही!

साधी "मीटिंग" घ्या. वीसपंचवीस जण असले तर उत्तमच. ब्रेकआउट रूममध्ये, म्हणजे त्याच कॉलमधल्या छोट्या वेगळ्या खोल्यांत, चारचार जणांना सात-आठ मिनिटं बोलू द्या, प्रत्येक रूममध्ये तुमचा एक जुना मेंबर बसवा. कोण काय काम करतं, कोणाला कशाची अडचण आहे, एवढं बोलणं झालं की तो मेंबरच सहज म्हणतो, "या एकदा, मी मंगळवारी असतो." याच्यापुढे तुमची कुठलीही स्लाइड फिकी.

मोफत खात्यात १०० जण आणि ४० मिनिटं अशी मर्यादा आहे, तिला लोक नावं ठेवतात. मला ती आवडते. चाळीस मिनिटांत आटपायचं म्हटलं की "आमचा प्रवास" या नावाच्या पहिल्या बारा स्लाइड आपोआप गळतात.

नुसताच_वाचक

वाचतोय. ब्रेकआउट रूममध्ये टाकलं की मी कॉल कट करतो. अनोळखी लोकांशी बोलावं लागू नये म्हणून तर घरून काम करतो.

माइक_म्यूट

@नुसताच_वाचक, मग तुम्ही ओपन हॉलचे गिऱ्हाईक नाहीच. हे कळणंही फायद्याचंच, नाही का? तुम्हाला केबिन दाखवू.

नुसताच_वाचक

केबिनला आतून कडी आहे का?

जुना_कोपरा

थोडं विषयांतर करतो, शेवटी मुद्द्यावर येईन.

२००५ साली ब्रॅड न्यूबर्ग या प्रोग्रॅमरने सॅन फ्रान्सिस्कोत स्पायरल म्यूज नावाच्या जागेत आठवड्यातले दोन दिवस डेस्क मांडली. आज ज्याला कोवर्किंग म्हणतात त्याची सुरुवात साधारण तिथून धरतात. मोफत वायफाय, एकत्र जेवण, ध्यान, मसाज, सायकलवरून फेरी, सगळा थाट होता. पावणेसहाला दार बंद. आणि पहिला महिनाभर तिथे एकही माणूस आला नाही. कल्पना नवी, शहर फ्रीलान्सर प्रोग्रॅमरांनी भरलेलं, तरी शून्य. मग एकेक करून लोक यायला लागले. वर्षभराने ती जागा बंद झाली आणि २००६ मध्ये हॅट फॅक्टरी नावाची पूर्णवेळ जागा उभी राहिली. ज्यांना ती कल्पना आवडली त्यांनी आपापल्या गावी तसंच काही सुरू केलं.

आता मुद्दा. कल्पना लांबपर्यंत पोचली, पण तिच्यामुळे तिथली डेस्क भरली नाहीत. वेबिनारचंही तेच होतं. "एकत्र काम करण्याचे फायदे" ऐकून लोकांना ते पटतं आणि मग ते आपल्या घराजवळची जागा शोधतात. म्हणजे तुम्ही गिऱ्हाईक तयार करता, ते जातं दुसऱ्याकडे.

तिरकस_तिर्री

आणि वीवर्क, कोवर्किंगमधली ती बडी कंपनी, विसरलात? जानेवारी २०१९ मध्ये ४७ अब्ज डॉलर मूल्यांकन, नोव्हेंबर २०२३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज. "कम्युनिटी" वर त्यांच्याइतकं बोललं कोणी?

जुना_कोपरा

त्यांची गोम वेगळी होती. इमारती वर्षानुवर्षांच्या भाड्याने घ्यायच्या आणि महिन्यामहिन्याच्या बोलीवर द्यायच्या. मागणी घटली की भाडं तसंच उभं. मार्केटिंग कमी पडलं असं कोणी म्हणणार नाही. आणि २०२४ मध्ये ते दिवाळखोरीतून बाहेर आले, हेही सांगा की.

उंटावरचा_शहाणा

धागा हायजॅक होतोय. रिकामी_खुर्ची बाईंच्या हॉट डेस्कवर परत या. जागा आहे म्हणतात.

खटपट्या

मी लहान कंपन्यांना ऑफिसच्या जागा मिळवून देतो, त्यामुळे घेणाऱ्याची बाजू रोज बघतो. वेबिनारमधून गिऱ्हाईक मिळतं. सरळ सांगतो, मिळतं. पण विषयात गडबड केलीत तर नाही मिळत.

विषय निवडायची एकच कसोटी: जो जागा शोधत नाही त्याला तो कंटाळवाणा वाटला पाहिजे. "एकाग्रता" सगळ्यांना हवी असते, म्हणून सगळे येतात. "कोवर्किंगचा करार सही करण्याआधी कसा वाचावा" हा विषय ठेवा. विद्यार्थी येणार नाही, निवृत्त माणूस येणार नाही, नुसता टाइमपास करणारा येणार नाही. येतील मोजकेच, पण त्यांच्या टेबलावर करार पडलेला असेल.

सांगायलाही भरपूर आहे. लॉक-इन (जागा सोडता येत नाही तो काळ) किती महिन्यांचा, नोटीस पिरियड किती, डिपॉझिट परत कधी आणि काय कापून. मीटिंग रूमचे तास महिन्याअखेर संपतात की पुढे जातात. "२४ तास प्रवेश" म्हटलंय, तेव्हा रात्री एसी चालू असतो का? छपाईची पानं मोजतात का? टीममध्ये एक माणूस वाढला तर दर तोच की नवा? इंटरनेट बंद पडलं तर दुसरी लाइन आहे का, आणि ती आपोआप चालू होते की कोणाला तरी फोन करावा लागतो? यातला एकेक प्रश्न मी गिऱ्हाइकाच्या तोंडून ऐकलेला आहे, बहुधा सही झाल्यानंतर.

हा वेबिनार घ्यायला एक धैर्य लागतं. तुमचा स्वतःचा करार स्क्रीनवर उघडायचा आणि त्यावरच हे प्रश्न विचारायचे. जिथे तुमची अट कडक आहे तिथे तसं म्हणायचं आणि कारण सांगायचं. समोरचा तुमच्यावर विश्वास ठेवतो तो तिथे.

दुसरा गट म्हणजे छोट्या कंपन्यांचे एचआर आणि अ‍ॅडमिनवाले. त्यांच्या टीममधली माणसं घरून काम करून विखुरलेली असतात, आठवड्यातून दोन दिवस एकत्र बसायला जागा हवी असते. अशा सहा जणांचा वेबिनार साठ फ्रीलान्सरांपेक्षा भारी, कारण त्यातला एक हो म्हणाला तरी एकदम पाचसात खुर्च्या जातात.

बोलघेवडी

खटपट्यांचा प्रतिसाद निवडक दहात.

एक शंका. स्वतःचा करार स्क्रीनवर दाखवला की शेजारचा स्पर्धकही बघणार ना?

खटपट्या

तो आधीच मेंबरशिपची चौकशी करायच्या निमित्ताने येऊन घेऊन गेलाय. सगळेच एकमेकांचा नेतात.

अक्षरओळ

मी संपादनाची कामं करते, फ्रीलान्स. ज्या कोवर्किंगमध्ये बसते तिथे वेबिनारमुळेच गेले, म्हणून माझा अनुभव मांडते.

विषय होता परदेशी क्लायंटकडून पैसे घेताना बिल कसं करावं. बोलणारी बाई त्या जागेची मालक नव्हती, तिथे बसणारी एक अकाउंटंट होती. स्लाइड अगदी साध्या. मध्येच मागून कोणीतरी येऊन तिच्या टेबलावर चार्जर ठेवून गेलं. तिने मान वळवून हसून "थँक्यू" म्हटलं आणि पुढे बोलू लागली. बस, एवढंच. जागेबद्दल एक अक्षर कोणी बोललं नाही. शेवटी कोणीतरी विचारलं, "तुम्हाला भेटून पाच मिनिटं बोलता येईल का?" ती म्हणाली, "सोमवार ते बुधवार मी इथेच असते, येऊन बसा." मी गेले, माझं बिल दाखवलं, दिवसभर बसले. आता मीही तिथलीच.

मला जे पटलं ते ती बाई, तिचं ज्ञान आणि ते चार्जर आणून देणं. माइक_म्यूट म्हणतात तो शेजार तो हाच असावा. त्यामुळे पार्टनरने स्वतः बोलण्याऐवजी मेंबरला बोलतं करावं. मेंबरलाही कामं मिळतात. पण फुकटात राबवू नका हं. महिन्याच्या फीमध्ये सूट द्या, नाहीतर मीटिंग रूमचे तास द्या.

काचेपलीकडचा

हे मला पटलं. माझ्या जागेने मला असं विचारलं असतं तर मी आनंदाने बोललो असतो. दोरी लावण्याआधी विचारलं असतं तर.

गणितमास्तर

@अक्षरओळ, तुम्ही आधीपासून जवळच राहत होता का?

अक्षरओळ

हो, चालत जाता येईल इतकी जवळ. ती जागा माहीत होती, रोज समोरून जायचे. आत जायला निमित्त नव्हतं.

गणितमास्तर

माझा मुद्दा सिद्ध झाला, असं म्हणायचा मोह आवरत नाहीये.

घरबशी

मास्तर, आवरा.

पण खरंच, पाटी बघून आलेले आणि वेबिनार बघून आलेले हे वेगळे मोजताच कसे येतील? पाटी रोज दिसत असते, वेबिनार ऐकल्यावर माणूस आत शिरतो, आणि विचारल्यावर म्हणतो "पाटी बघितली". रिकामी_खुर्चींच्या पार्टनरची बाजू अगदीच टाकाऊ नाही.

रिकामी_खुर्ची

@घरबशी, याचा मी विचार केला नव्हता. आता "कुठून कळलं" याऐवजी "आमच्याबद्दल कायकाय पाहिलं, ऐकलं होतं" असं विचारेन, एकाहून जास्त पर्याय निवडता येतील असं.

आज यादी उघडून बसले. भाग विचारला नव्हता, त्यामुळे मास्तरांची चाळणी लावता येत नाही. तरी जे ओळखीचे वाटले त्यातले बरेच लांबचे. पार्टनरशी बोलले. "वेबिनार बंद" म्हटल्यावर तो फुरंगटला, पण खटपट्यांचा करारवाला विषय वाचून म्हणाला, "हा मी घेतो." आपला लॉक-इन लोकांसमोर कसा समजावणार, विचारलं तर गप्प. आता तो करारच पुन्हा वाचतोय. तेवढं झालं तरी पुष्कळ.

जुन्या यादीतल्या सगळ्यांना नव्या वेबिनारचं ईमेल पाठवावं का?

खटपट्या

त्यांनी परवानगी कशाची दिली होती ते बघा. "या वेबिनारची लिंक पाठवा" आणि "तुमच्या जाहिराती पाठवा" या दोन वेगळ्या परवानग्या. युरोपातले श्रोते असतील तर तिथे २०१८ पासून जीडीपीआर हा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा लागू आहे. आधीच टिक करून ठेवलेली चौकट संमती म्हणून तिथे चालत नाही. तुमच्या इथला कायदा काहीही असो, वेगळी, रिकामी चौकट ठेवा. यादी लहान होईल, पण उरतील ते ईमेल उघडणारे.

उंटावरचा_शहाणा

आणि ईमेलच्या विषयात "शेवटची संधी" लिहू नका. मला एका ठिकाणाहून दर आठवड्याला शेवटची संधी येते.

नुसताच_वाचक

कडीचं कोणी सांगितलं नाही.

रिकामी_खुर्ची

@नुसताच_वाचक, आहे. एक दिवस येऊन बघा, कोणी बोलणार नाही याची हमी.

एक तांत्रिक शंका राहिली. यावेळी वक्ता हॉलमध्येच बसवायचा विचार आहे, अक्षरओळ म्हणाल्या तसा, म्हणजे मागे जागा जिवंत दिसेल. ऐकायला दोनतीन मेंबर आपापले लॅपटॉप घेऊन शेजारी बसतील. चालेल ना?

माइक_म्यूट

एकाच खोलीत दोन लॅपटॉप एकाच कॉलवर असले आणि दोघांचे स्पीकर-माइक चालू राहिले की शिट्टी वाजते, सगळ्यांच्या कानठळ्या बसतात. खोलीत माइक एक आणि स्पीकर एक, तेही वक्त्याच्याच मशीनवर. बाकीच्यांनी "ऑडिओ न जोडता" आत यायचं.

वक्त्याचा लॅपटॉप केबलने राउटरला जोडा, वायफायवर ठेवू नका. डाउनलोडचा वेग बघून समाधान मानू नका, अपलोड बघा. १०८०पी चित्रासाठी साधारण ४ एमबीपीएस सतत मिळायला हवं. हॉलमधल्या कोणी त्याच वेळी मोठी फाइल क्लाउडवर चढवायला घेतली की चित्र गोठतं. "आमचं इंटरनेट उत्तम आहे" या वाक्यावर गोठलं तर रेकॉर्डिंग मला पाठवा.

मागचे फळे पुसा. आणि तालीम त्याच वारी, त्याच वेळेला करा. हॉल भरलेला असताना. रविवारी रिकाम्या हॉलमध्ये सगळंच सुरळीत चालतं.